हाडकीतलं यंत्र

“वढा. मेलेलं वढायचं काम तुमचंच हाय.”

पाटील हे माझ्या बापाला म्हणाला. माझ्यासमोर. सगळ्या गावासमोर. आणि मोटेचा नाडा, विहिरीवरचा जाड दोर, त्यानं बापाच्या अंगावर फेकला. हातात दिला नाही. हातात द्यायचा तर हात लागला असता.

मेलेलं म्हणजे बैल नव्हता, गाय नव्हती. ते एक यंत्र होतं. आभाळातून पडलेलं.

शेवगाव तालुक्यातलं आमचं गाव. बहात्तरचा दुष्काळ सरता सरत नव्हता आणि त्र्याहत्तरचा वैशाख तापला होता. मी तेव्हा नगरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होते. विषय पदार्थविज्ञान. आमच्या वस्तीतून कॉलेजात गेलेली मी पहिली पोर, आणि बराच काळ शेवटचीही. सुट्टीत घरी आले की पुस्तकं गाठोड्यात आणि हातोडा हातात. सगळी वस्ती पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायची. मीही फोडायचे. रोजची हजेरी मुकादम मांडायचा आणि मुकादम पाटलाचा भाचा होता. म्हणजे आम्ही जगायचं की नाही हे पाटलाच्या घरात ठरायचं.

त्या दिवशी उन्हं कलायला लागली होती. कुणीतरी ओरडलं, वर बघा. आभाळात केशरी रंगाची एक भलीमोठी छत्री. तिच्याखाली काहीतरी लोंबकळत होतं. छत्री डुलत डुलत खाली आली आणि पाटलाच्या मळ्यात उतरली. हातातले हातोडे टाकून सगळे पळाले. लढाई होऊन फार दिवस झाले नव्हते. कुणी म्हणालं, बॉम्ब हाय. कुणी म्हणालं, इमान पडलं. एक म्हातारी लांबूनच कडाकडा बोटं मोडायला लागली.

पांढरी पेटी होती. माझ्या छातीएवढी उंच. लोखंडी सांगाड्यात बसवलेली. सांगाड्याखाली जाड पुठ्ठ्यांचा थर होता, तो पडताना चेपला होता. आपण चेपायचं आणि वरच्याला सांभाळायचं, एवढंच त्या पुठ्ठ्याचं काम. वरची पेटी सरळ उभी होती. हे मी नीट बघितलं. सरळ उभी.

पेटीवर एक पाटी होती. आमच्या शाळेचे गुरुजी पुढं झाले. वाकून वाचायला लागले. त्यांचे ओठ हलत होते. ह्याच गुरुजींनी मला बाराखडी शिकवली. दाराबाहेर बसवून शिकवली, पण शिकवली. माझ्या मनात त्यांची जागा फार वरची होती. ते वाचून मागं सरले.

मग मी वाचलं. इंग्रजी होतं, हिंदी होतं, खाली मराठीही होतं. मी मोठ्यानं म्हणाले, “हे शास्त्रीय यंत्र आहे. धोका नाही. हलवू नका, असं लिहिलंय. पोलिसांना कळवा म्हणून लिहिलंय.”

“कोन बोललं?” पाटील वळला. मला बघितलं. मग गुरुजींना विचारलं, “काय वो गुरुजी, काय लिवलंय?”

गुरुजी म्हणाले, “बरंचसं इंग्रजीत आहे. तुम्हाला योग्य वाटेल तसं करा.”

एवढंच. मूग गिळणं काय असतं ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

पाटलाला ते तिथून हलवायचंच होतं. कारण जवळच त्याची विहीर. त्या वर्षी गावात पाणी राहिलेली ती एकच विहीर. सगळं गाव तिच्यावर. आम्हालाही तिचंच पाणी, पण पायरीवर जाऊन नाही. कुणीतरी वरून ओतायचं, आम्ही खालून घागर धरायची. आभाळातून पडलेली ती भानगड विहिरीशेजारी नको, ह्यात त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. भीती सगळ्यांनाच असते. पण तिला हात कुणी लावायचा? गावात चांगले धट्टेकट्टे गडी होते. त्यांची बैलं होती, गाड्या होत्या. कुणी पुढं आलं नाही. जे पडलं, जे मेलं, ज्याला शिवायची शिसारी येते, ते आलं की गावाला आमची आठवण येते. मग पाटलानं वस्तीकडं माणूस पाठवला नाही, कारण वस्ती तिथंच उभी होती. त्यानं मोटेचा नाडा सोडवून आणला आणि फेकला.

तो नाडा बापाच्या खांद्यावर पडला तेव्हा बाप दोन पावलं मागं सरला. का ते सांगितलं पाहिजे.

माझ्या आज्यापणज्यांनी गावाची मेलेली गुरं ओढली. बानंही ओढली. मी कडेवर होते तेव्हा आमच्या लोकांनी दीक्षा घेतली. त्याच साली बानं गुरं ओढायचं सोडलं. नुसतं सोडलं नाही. ज्या चऱ्हाटानं गुरं ओढायचा ते चऱ्हाट त्यानं हाडकीत नेऊन जाळलं. हाडकी म्हणजे गुरं फाडायची जागा, वस्तीच्या पलीकडं. आय सांगायची, चऱ्हाट जळेना, चरबीनं माखलेलं, नुसतं धुपत राहिलं. बा ते जळेपर्यंत तिथंच बसून राहिला. गावानं दळण बंद केलं. वाट बंद केली. गुरं वाड्यापुढं कुजली. शेवटी गावानं आपली गुरं आपणच पुरायला सुरुवात केली, नाकाला फडकं लावून. तेव्हापासून माझ्या बापानं कुणासाठी काही ओढलं नव्हतं. माझ्या बापाकडं जमीन नव्हती, घर नव्हतं म्हणावं असं. त्याच्याकडं एवढीच एक कमाई होती.

मी म्हणाले, “बा, नगं. हलवू नका लिवलंय त्याच्यावर.”

बा खालच्या आवाजात म्हणाला, “गप. उद्याची हजेरी त्याच्या हातात हाय.”

माझ्याकडं न बघता म्हणाला. त्यानं नाडा उचलला. आमचीच आणखी काही माणसं पुढं झाली. नाडा सांगाड्याला बांधला. पहिल्याच हिसक्याला पेटी आडवी पडली. आत काच फुटली. तो आवाज बारीक होता, पण मी ऐकला. बानंही ऐकला, कारण त्याचे हात थांबले. पाटील ओरडला, “थांबू नगा.” मग वावरातून, बांधावरून, ओढ्याच्या गोट्यांवरून फरफटत, आपटत ते चाललं. ढेकळांचा धुरळा उडत होता. मी मागून चालत होते. एखाद्या घरच्या माणसाला ओढत न्यावं तसं मला वाटत होतं, आणि हे वाटणं तिथं कुणालाही सांगता येण्यासारखं नव्हतं.

नेलं कुठं? हाडकीत. दुसरी कुठली जागा गावाला सुचणार? आमची वस्ती गावाच्या उगवतीला आणि हाडकी तिच्याही उगवतीला. आमच्याकडं वारा बहुतेक मावळतीकडून येतो. गावाचा वारा आमच्यावरून जावा, आमचा वारा गावावरून जाऊ नये. कुणा पूर्वजानं दिशा किती बारकाईनं मोजली असेल बघा. ह्याला शास्त्र म्हणायचं असेल तर आमच्या गावात शास्त्र फार जुनं आहे.

मी यंत्राजवळ बसून राहिले. आय हाक मारून गेली, मी उठले नाही. पेटीचा एक पत्रा फाटला होता. आत दिसत होतं. मधोमध एक पांढरट ठोकळा. त्याच्या चारी अंगांनी नळ्या उभ्या. काही वाकलेल्या. खाली एक गोल चाकासारखं होतं, त्याच्यावर हे सगळं बसवलेलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण कुणीतरी फार मायेनं ते जुळवलं होतं एवढं कळत होतं. एकेक तार नीट बांधलेली. गाठीला रंगाचा ठिपका.

कॉलेजात मला असलं काही हातात मिळायचं नाही. आमच्या प्रयोगशाळेत प्रकाशाच्या ध्रुवीकरणाचा प्रयोग होता. दोन चकत्या असतात. दोन्ही एकमेकींपुढं धरायच्या आणि एक फिरवायची. फिरवता फिरवता पलीकडचा दिवा मंद होत जातो आणि विझल्यासारखा होतो. आणखी फिरवली की पुन्हा दिसतो. मला त्याचं वेड लागलं होतं. पण चकत्या कधी हातात घेतल्या नाहीत. मला जोडीदार नव्हती. कुठलीच मुलगी माझ्याबरोबर टेबल घ्यायची नाही आणि मुलांबरोबर मी घेऊ शकत नव्हते. प्रयोग घेणारे सर म्हणायचे, “तू नुसतं बघ. आकडे त्यांच्याकडून उतरवून घे. काच महाग आहे.” वर्षभर मी दुसऱ्यांच्या खांद्यावरून तो दिवा विझताना बघितला. वसतिगृहात गेल्यावर डोळे मिटून हवेत हात फिरवायचे.

सकाळी यंत्राचा माग काढत एक तरुण साहेब पळत आला. जीप ओढ्यापलीकडं अडली होती, तो गोटे तुडवत पायी आला. शर्ट घामानं भिजलेला. पेटी बघितली आणि मटकन खाली बसला. हात पत्र्यावर ठेवला. आजारी माणसाचं कपाळ बघावं तसा.

“कुणी केलं हे?” त्यानं विचारलं.

मी सांगितलं. तिकडं विहिरीजवळ पडलं होतं, सरळ उभं होतं. पाटलांनी ओढायला लावलं. आमच्या लोकांनी ओढलं. काही लपवलं नाही. वावरातून आलेली फरफटीची खूण दाखवली. तो खुणेच्या कडेकडेनं थोडा चालत गेला, विहिरीकडं बघितलं आणि परत आला.

“तुम्ही काय शिकता?”

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी “तुम्ही” म्हणालं. मी सांगितलं. त्याचा चेहरा बदलला. मग तो बोलायला लागला. मला वाटतं, त्यालाही कुणालातरी सांगायचं होतं. आभाळात एक तारा फार पूर्वी फुटला. त्याचा ढग अजून आहे. त्यातून क्ष-किरण येतात, पण हवा त्यांना अडवते, जमिनीपर्यंत पोचू देत नाही. म्हणून फुग्याला बांधून यंत्र हवेच्या माथ्यावर न्यायचं आणि काम झालं की छत्रीनं खाली सोडायचं. माथा म्हणजे जिथून पुढं अंतराळच.

“आणि काय मोजायचं?” मी विचारलं.

त्यानं इकडंतिकडं बघितलं. सांगाड्याला बांधलेला नाडा तसाच होता. त्याचं मोकळं टोक त्यानं उचललं आणि हिसका दिला. नाड्यात लाट गेली. वरखाली. मग आडवा हिसका दिला. लाट जमिनीवरून सापासारखी गेली. “लाट तीच. पण हलण्याची दिशा वेगळी. तुमच्या चकत्यांमध्ये बघितलंत ना, तेच. फक्त क्ष-किरणांचं. ते ठोकळ्यावर आपटून बाजूला उडतात. कुठल्या बाजूला जास्त उडतात ते ह्या नळ्या मोजतात. त्यावरून मूळची लाट कुठल्या दिशेनं हलत होती ते कळतं. आणि त्यावरून तिथं, त्या ढगात, काय चाललंय ते.”

“हे चाक कशाला?”

“यंत्र वर सावकाश फिरत राहतं. सगळ्या नळ्या सारख्या नसतात. एखादी तिखट, एखादी मंद. फिरवलं नाही तर नळीचा दोष ताऱ्याच्या नावावर लागेल.”

नळीचा दोष ताऱ्याच्या नावावर. मी ते वाक्य मनात धरून ठेवलं. अजून धरलं आहे.

तो म्हणाला, “खाली आल्यावर एकेक नळी पुन्हा तपासायची होती. आहे तशी. ते झाल्याशिवाय वर मोजलेल्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा?” मग नाडा हातातून सोडून दिला. मला रडू आलं. त्या हाडकीत, त्या सकाळी, मी एका माणसाशी माझ्या विषयावर बोलत होते. असं त्याआधी कधी घडलं नव्हतं. एकटं असणं किती जड होतं हे ते घटकाभर उतरल्यावर कळलं.

मग त्याचा थोरला साहेब आला. काळा चष्मा, हातात काठी. बरोबर पाटील, गुरुजी आणि मागं गाव. साहेबाचा चहा पाटलाकडं झाला होता. आमची माणसंही येऊन कडेला उभी राहिली, बा त्यांच्यात.

थोरल्या साहेबानं पेटी बघितली. चष्मा काढला. “किती वर्षं घातली ह्यात,” एवढंच म्हणाला. त्याचं दुःख खरं होतं, हे मी आजही नाकारत नाही.

पाटील म्हणाला, “आमी राखन ठेवली हुती साहेब. पर रातीत ह्या लोकांनी वढून आनलं. पत्र्याची, छत्रीच्या कापडाची लालूच. जात कुठं जातीय?”

मी गुरुजींकडं बघितलं. गुरुजी खाली बघत होते. पाटलानं विचारलं, “व्हय का न्हाई, गुरुजी?” गुरुजींनी मान हलवली. होकाराची.

“म्हणजे चोरी,” साहेब म्हणाला. “पोलिसांत द्यावं लागेल.”

पाटील लगेच दयाळू झाला. “गरीब हाईत. पाया पडत्याल. चूक कबूल करत्याल. सोडून द्या.” आणि बापाला म्हणाला, “पड पाया. म्हन, चुकलं.”

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, ती सुळी अशी सोयीची असते. संन्याशानं आपणहून तिच्यावर बसायचं आणि वर आभार मानायचे.

बा पुढं आला. आमची माणसं मान खाली घालून उभी. ज्या माणसानं चऱ्हाट जळेपर्यंत हाडकीत बसून काढलं, तो त्याच हाडकीत चोर म्हणून वाकणार होता. मला समोरचं काही दिसेना. मी बापाच्या आणि साहेबाच्या मधे जाऊन उभी राहिले.

“बा, वाकू नगं.” मग साहेबाला म्हणाले, “साहेब, हा नाडा कुणाचा ते विचारा. हा मोटेचा नाडा आहे. आमच्या वस्तीत विहीर नाही, मोट नाही. नाडा कुठून आणणार?”

साहेबानं पाटलाकडं बघितलं. पाटील म्हणाला, “आमाला काय ठावं? आमचा न्हाई. कुनाचा तरी चोरला आसंल.”

साहेब धाकट्याकडं वळला. “तू आधी आलास. काय बघितलंस?”

मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं खूण बघितली होती. विहीर बघितली होती. तोच नाडा हातात घेऊन त्यानं मला लाट दाखवली होती. तो म्हणाला, “सर, मी आलो तेव्हा इथंच होतं.”

खरं होतं. अक्षर न अक्षर खरं. आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

पाटलाचं मला काही वाटलं नाही, तो पाटील होता. पण ह्या माणसानं मला “तुम्ही” म्हटलं होतं. मी पुन्हा एकटी झाले, आणि ह्या वेळचं एकटेपण आधीच्यापेक्षा थंड होतं.

थोरला साहेब कंटाळला होता. “जाऊ द्या. मला त्यात पडायचं नाही. हे जीपपर्यंत न्यायची व्यवस्था करा.”

“वढा रे,” पाटील म्हणाला.

मी म्हणाले, “साहेब, पुन्हा ओढलं तर राहिलेलंही मोडेल.”

साहेब म्हणाला, “ओढू दे. आता त्यात राहिलंय काय?”

पाटलाचं “वढा” मी जन्मापासून ऐकत आले होते. पण ज्यानं ते यंत्र बांधलं, ज्याला एकेका तारेची किंमत ठाऊक, त्यानंही शेवटी तेच म्हणावं? हाडकीत पडलं म्हणजे मेलं, असं त्याच्याही मनात आलं. गावाचं आणि त्याचं तिथं एकमत झालं. माझ्या आतलं काहीतरी त्या क्षणी सुटलं आणि हलकं झालं. ह्या लोकांकडून मला काही मिळवायचं नाही, हे कळल्याचं हलकेपण होतं ते.

“आमी वढनार न्हाई,” मी म्हणाले. कॉलेजातली भाषा गळून पडली होती. “उचलू. खांद्यावर. एका अंगाला आमची मानसं, दुसऱ्या अंगाला तुमची.”

 एका दांडीला दोघांचे खांदे. असं त्या गावात मढ्यालाही होत नव्हतं. कुणीही पुढं आलं नाही. पाटील हसला, मग त्याचं हसू गेलं.

“लई शिकली व्हय? उद्याधरनं तुमच्या वस्तीतलं एक नाव हजेरीवर दिसनार न्हाई.”

तेव्हा माझ्या पाठीमागून आमच्यातलाच एक म्हातारा म्हणाला, “पोरी, आमच्या पोटावर पाय नगं दिऊ.” मी वळून बघितलं. सगळी वस्ती माझ्याकडं बघत होती. माझ्या लहानपणापासूनची माणसं. त्यांच्या नजरेत राग होता आणि तो पाटलावर नव्हता. त्यांचंही खोटं नव्हतं. घरात रेशनच्या लाल मिलोची भाकरी होती तीही त्या हजेरीवर. माझ्या बाजूला कुणीच नव्हतं. अलीकडं नाही, पलीकडं नाही.

बा वाकला.

मला वाटलं, झालं. पडला पाया. मी तोंड फिरवणार होते. पण तो साहेबाच्या पायाशी गेला नव्हता. तो सांगाड्याशी वाकला होता. नाड्याची गाठ सोडवत होता. ओढून ओढून गाठ आवळली होती, त्यानं दातांनी सोडवली. नाडा जमिनीवर टाकला आणि उभा राहिला.

“उचलायचं आसंल तर बोलवा,” बा म्हणाला. “वढायला न्हाई.”

पाटील लाल झाला. रागात माणसाच्या तोंडून निघायचं ते निघतं. “नगं वढू! माजा नाडा आन हिकडं!”

सगळ्यांनी ऐकलं. गावानं ऐकलं, वस्तीनं ऐकलं. गुरुजींची मान आणखी खाली गेली. बा शांतपणे म्हणाला, “तुमचा हाय न्हवं? मग घ्या तुमी.”

नाडा हाडकीत पडला होता. तिथं पाय टाकून तो उचलायला पाटील येणार नव्हता. मी थोरल्या साहेबाकडं बघितलं. त्याच्या कानावर गेलं होतं, हे त्याच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं. आता तो म्हणेल, चोर कोण ते कळलं. आता म्हणेल, माफ करा. त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ड्रायव्हरला पान्हे आणायला सांगितले.

त्यांनी ते यंत्र तिथंच खोललं. दोघे साहेब, ड्रायव्हर आणि बरोबरचा एक माणूस. तुकडे तुकडे करून जीपपर्यंत वाहून नेलं. दुपार झाली. मधला ठोकळा धाकट्यानं स्वतः छातीशी धरून नेला. जाताना तो माझ्यापुढं थांबला. काहीतरी बोलायचं होतं त्याला. मी पाठ फिरवली. ऐकून घेण्याची माझी वेळ संपली होती. पोलीस आले नाहीत. खरं कळल्यावर पोलिसांची गरज कुणालाच राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुकादमानं आमच्या वस्तीतलं एकही नाव पुकारलं नाही. पाटलानं शब्द पाळला. लोक नेवाशाच्या बाजूला काम शोधत गेले, पोरंबाळं घेऊन, पायी. बायका आयशी बोलेनाशा झाल्या. आमच्या दारावरून जाताना थुंकणारे आता दोन्हीकडचे होते. बानं मला एकदाही बोल लावला नाही. शाबासकीही दिली नाही. नव्या कामावर गेला आणि पहिल्यासारखी खडी फोडायला लागला. एकदा फक्त भाकरी खाताना म्हणाला, “काच फुटल्याली मला कळलं हुतं.”  तो आवाज त्याच्या मनातून गेला नव्हता.

नाडा हाडकीत पडून होता. पाटलानं दुसरा आणला असेल. आमच्यातल्याही कुणी त्याला हात लावला नाही, घरात दोर नसताना. पावसाळ्यात तो कुजला.

त्या उड्डाणाचा निकाल कुठं छापून आलेला माझ्या वाचनात नाही. पुढं काही वर्षांनी एका परदेशी उपग्रहानं त्याच ढगाचे क्ष-किरण मोजले. लाट कुठल्या दिशेनं हलते ते सापडलं. मी ते ग्रंथालयात एकटी बसून वाचलं. सांगायला जवळ कुणी नव्हतं. बा तेव्हा नव्हता.

पण मला सांगायचं आहे ते त्या जूनमधलं. कॉलेज सुरू झालं. पहिलंच प्रॅक्टिकल. टेबलावर दिवा आणि त्या दोन चकत्या. मुली जोड्या लावून उभ्या राहिल्या. मी त्यांच्या खांद्यांमागं गेले नाही. सरळ टेबलापाशी गेले आणि दोन्ही चकत्या उचलल्या. थंड होत्या, आणि वाटल्या होत्या त्यापेक्षा जड.

सर म्हणाले, “ए, खाली ठेव. तू नुसतं बघायचं.”

“बघून झालं, सर,” मी म्हणाले. “आता मोजणार.”

“फुटली तर?”

“माझ्या हातून फुटली तर माझ्या नावावर लिहा. दुसऱ्याच्या हातून फुटली तर माझ्या नावावर लिहू देणार नाही.”

शेजारच्या मुली सरकून लांब झाल्या. टेबलाच्या त्या बाजूला मी एकटी उरले. मी चकती फिरवली. दिवा मंद झाला, विझला. आणखी फिरवली, पुन्हा लागला. आकडा मी माझ्या हातानं लिहिला.

माझं त्या दिवशी ठरलं ते आजतागायत बदललेलं नाही. मला जे शिकायचं आहे त्याला मी हात लावणार. विचारून लावणार नाही. जड असेल तर उचलीन. दुसऱ्या अंगाला खांदा द्यायला कुणी आलं तर बरं, नाही आलं तर खोलून, तुकड्या-तुकड्यानं, एकटी उचलीन. पण माझ्या अंगावर कुणी नाडा फेकला, तर तो जिथं पडेल तिथंच कुजेल.